हुकलेल्या नेमांची वही

आमच्या घरमालकांनी आयुष्यात एकदाच फुल पँट घातली, ती स्वतःच्या लग्नात, आणि तीही बायकोने अट घातली म्हणून. हे मला त्यांच्या बायकोनेच सांगितलं. कोलोनमध्ये फेब्रुवारीत सकाळी सायकलच्या सीटवर बर्फाचा थर असतो. अशा थंडीत हा सहा फुटी, साठी उलटलेला माणूस गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे आणि वर खाकी हाफ पँट घालून दारासमोरचा रस्ता झाडत असायचा. आम्ही घर बघायला गेलो तेव्हा मी त्यांनाच विचारलं होतं, मालक कुठे भेटतील म्हणून. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, आत गेले, दुसऱ्या दाराने बाहेर आले आणि म्हणाले, मी मालक. चेहऱ्यावर हसू नाही. मी नवऱ्याला मराठीत म्हटलं, हे घर नको. नवरा म्हणाला, भाडं बघ. आम्ही सहा वर्षं राहिलो.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना ते आवडायचं नाही, आणि त्यांची बायको फोन करून मला झापेल ते वेगळंच. मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणायचे, तेच इथे चालवते. मास्तर मूळचे ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा मेंढ्यांच्या गावचे. तिशीत एका जर्मन नर्सच्या मागे इथे आले आणि एका शाळेत हाउसमाइस्टर झाले, म्हणजे किल्ल्या, बॉयलर आणि फुटक्या काचा सांभाळणारा माणूस. तिथूनच निवृत्त झाले. तीस वर्षं जर्मनीत काढूनही त्यांचं जर्मन असं होतं की पावाच्या दुकानातली बाई त्यांना दोनदा विचारायची. माझं जर्मन त्याहून वाईट. दोघांची मिळून एक कामचलाऊ भाषा व्हायची, थोडं इंग्रजी, थोडं जर्मन, बाकी हातवारे.

ज्या उन्हाळ्यात जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक होणार होता, त्याच्या आधीचा तो हिवाळा. सगळं शहर गोल चेंडूने वेडं झालेलं. आणि मास्तर काखेत एक लांबट, अंड्यासारखा, तपकिरी चेंडू मारून फिरायचे. हा त्यांच्या देशातला फुटबॉल. आठ-दहा ऑस्ट्रेलियन आणि पंधरा-वीस जर्मन पोरं जमवून त्यांनी एक क्लब काढला होता. नियम सांगायचे तर मला आजही नीट सांगता येणार नाहीत, पण एवढं पुरे: गोलाच्या जागी चार खांब एका ओळीत उभे असतात. मधल्या दोघांतून चेंडू मारला तर सहा गुण. नेम जरा हुकून बाजूच्या खांबांमधून गेला, तरी एक गुण मिळतो. हे ऐकून मी हसले होते. आमच्या सांगलीत असा खेळ असता तर निम्मं गाव तरुण भारत मंडळासारख्या नावाजलेल्या क्लबाचा खेळाडू म्हणून मिरवलं असतं, असं म्हणाले. मास्तर हसले नाहीत. हुकण्याबद्दल ते कधीच हसायचे नाहीत.

मैदान म्हणजे शहराबाहेरच्या पार्कातली एक कुरणासारखी जागा. तिथे खांब कुठले? मास्तरांनी पावसाच्या पाण्याचे पांढरे पाइप आणून त्यांचे चार खांब केले होते, प्रत्येकाचे दोन तुकडे. गाडीच्या टपावर बांधायला बायको देईना, म्हणून दर रविवारी आठ पाइप ट्रॅममधून जायचे. मास्तर त्यांच्यासाठी सायकलचं तिकीट काढायचे. एकदा तिकीट तपासणारा म्हणाला की ही सायकल नाही, हे तिकीट चालणार नाही. मास्तर म्हणाले, मग कुठलं चालेल? तो म्हणाला, पाइपांना तिकीटच नाही. मास्तर म्हणाले, जागा अडवली की तिकीट काढावं, मी अडवली आहे. दोघांचा वाद चार स्टॉप चालला. एक माणूस तिकीट दाखवायचा हट्ट करतोय आणि तपासनीस ते बघायला तयार नाही, असं दृश्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं. शेवटी तपासनीसच एका टोकाला धरून पाइप उतरवायला लागला.

मी या भानगडीत पडले ती आमच्या जिन्यातल्या तक्त्यामुळे. जर्मनीत जिना कोणी कधी पुसायचा याचा तक्ता भिंतीवर असतो. जुना तक्ता फाटला तेव्हा मी फुटपट्टी घेऊन नवा आखला. मास्तर त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. मग वर येऊन त्यांनी बेल वाजवली आणि विचारलं, अशा ओळी आखायला कुठे शिकलीस? मी सांगितलं की माझे बाबा सांगलीत क्लब क्रिकेटला पंच होते. दहाव्या वर्षापासून मी त्यांच्याबरोबर मैदानावर जाऊन स्कोअर लिहायचे. बाबा घरात चिकार खोटं बोलायचे, आईला तर रोजच. पण वहीत एक रन इकडचा तिकडे झाला तर दिवसभर माझ्याशी बोलत नसत. मास्तरांनी एवढं ऐकून घेतलं आणि म्हणाले, रविवारी सकाळी साडेसातला खाली.

मला नाही म्हणता आलं असतं. पण खरं सांगायचं तर मला रविवार खायला उठायचा. नवरा आठवडाभर ड्युसेलडॉर्फला कामाला जाऊन रविवारी दुपारपर्यंत झोपायचा. मी पुण्यात शाळेत गणित शिकवत होते, इथे मला कामाची परवानगी नव्हती. दुकानं बंद, रस्ते बंद, शेजाऱ्यांची तोंडं बंद. पेन्सिल धरायला मिळतेय म्हटल्यावर मी निमूट मफलर गुंडाळून खाली गेले. माझ्या मागोमाग माळ्यावरच्या खोलीतून निनादही उतरला.

निनाद मिरजेचा, म्हणजे आमच्या गावाशेजारचाच. इथल्या विद्यापीठात एम.एस. करत होता. मला वहिनी म्हणायचा आणि आठवड्यातून तीनदा आमच्याकडे जेवायचा. शाळेत असताना जिल्ह्याच्या खो-खो संघात होता. एकदा अंगणात त्याला मांजराला हुलकावणी देताना मास्तरांनी बघितलं आणि सरळ क्लबात ओढलं. पोरगा पळायचा असा की दोन दांडगे जर्मन एकमेकांवर आपटायचे आणि हा मधून निघून गेलेला असायचा. खोट एकच. खांबांसमोर आला की चेंडू दुसऱ्याला देऊन टाकायचा.

हंगाम सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारी-मार्चच्या रविवारी, मास्तर नवीन पोरांतून फॉरवर्ड निवडायचे. फॉरवर्ड म्हणजे पुढे उभा राहून खांबांत मारणारा. जागा दोन, उमेदवार तिघे: बेकरीत शिकाऊ असलेला उंच यान, वकिलीचा विद्यार्थी टोबियास आणि आमचा निनाद. कुठल्याही शहाण्या प्रशिक्षकाने कडेला उभं राहून बघितलं असतं. मास्तर खांबांच्या मागे बादली पालथी घालून तिच्यावर बसायचे, चेंडू अंगावर यायचा तिथे. त्यांचं म्हणणं, बाजूने बघितलं तर पाय दिसतात, समोरून बघितलं तर माणूस दिसतो. चेंडू मुद्दाम पाण्यात भिजवून ठेवायचे. कोरडा चेंडू काय, आपली आजीही मारेल, असं म्हणायचे. त्यांच्या आजीने खरोखरच मारला होता म्हणे.

पहिल्या रविवारी मी नेटकं पान आखलं: नाव, प्रयत्न, गोल. मास्तरांनी गोलाच्या रकान्यावर काट मारली. म्हणाले, गोल सगळ्यांना आठवतात, ते लिहायला माणूस कशाला पाहिजे? त्यांना फक्त हुकलेले हवे होते. त्याचे तीन रकाने. चेंडू कुठे गेला. कुठल्या पायाने मारला. आणि त्यानंतर त्याने काय केलं. हा तिसरा रकाना मला विचित्र वाटायचा. यानने हुकल्यावर गवताला लाथ मारली, लिही. टोबियास हसला, लिही. टोबियासने बुटाकडे बघितलं, लिही. का लिहायचं ते मास्तर कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं, शाळेत आमच्या बाई बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला सांगायच्या, तसलंच हे. ज्याचं पान जास्त भरेल त्याची गच्छंती. इतकी वर्षं शाळेत काढलेल्या बाईला याहून दुसरं काय सुचणार?

तिसऱ्या रविवारी मास्तरांनी एक भलतीच परीक्षा घेतली. सराव लवकर संपवून तिघांना आमच्या गल्लीत आणलं आणि सांगितलं, कुठल्याही अनोळखी दाराची बेल वाजवा आणि एक अंडं मागून आणा. जर्मनीत, रविवारी, जेवणाच्या वेळेला. टोबियासने कायद्याचा मुद्दा काढला. मास्तर म्हणाले, ज्याला अंडं मागता येत नाही त्याला मैदानात चेंडू काय मागता येणार? यान तीन घरांतून हाकलला गेला, चौथ्या घरी एका म्हाताऱ्याने अंडं तर दिलंच, वर कॉफी पाजली. टोबियास अर्ध्या तासाने लालबुंद होऊन आला, अंड्याशिवाय. निनाद पाच मिनिटांत अंडं घेऊन हजर. मास्तरांनी ते हातात घेतलं, गालाला लावलं. अंडं गारढोण होतं. आमच्या गल्लीत लोक दुकानातल्यासारखीच अंडी फ्रिजबाहेर ठेवायचे, आणि फ्रिजमध्ये अंडी ठेवणारी बाई एकच, मी. पोरगा मागच्या दाराने वर येऊन माझ्याकडून घेऊन गेला होता, आणि मी तेव्हा स्वयंपाकाला वर गेलेली, परीक्षेचा पत्ता नाही, केक करायचा असेल म्हणून दिलं होतं. मास्तर त्याला म्हणाले, "मला अंडं नको होतं." एवढंच. निनादने दिवसभर तोंड वर केलं नाही.

त्या संध्याकाळी तो आमच्या स्वयंपाकघरात पोह्यांची बशी पुढ्यात घेऊन नुसता बसून राहिला. मी खोदून विचारल्यावर सगळं बाहेर आलं. एका विषयात तो दोनदा नापास झाला होता. पाणी आणि हवा कशी वाहते त्याचं ते शास्त्र. इथे एका विषयाला तीनच प्रयत्न मिळतात. तिसऱ्यांदा गेला की विद्यापीठातून नाव काढतात, आणि तो विषय मग जर्मनीत कुठेच शिकता येत नाही. मिरजेत आईवडील समजत होते की पोराची डिग्री हातातोंडाशी आली आहे. वडिलांनी तर हॉलमध्ये फ्रेम लावायला खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. तिसऱ्या परीक्षेला नाव घालायची मुदत दोन आठवड्यांवर आली होती, आणि याचं ठरत नव्हतं. तो म्हणाला, "नाव घातलं आणि गेलो तर हाकललेला. नाही घातलं तर निदान मीच सोडून आलो म्हणता येईल." मी त्याला गरम पोहे वाढले. 

शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी पाइप उचलताना मास्तरांची पाठ धरली. रविवारी सकाळी बायकोने त्यांना घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आज तूच बस बादलीवर, मी वाचून ठरवीन.

त्या दिवशी निनादला काय झालं होतं कोण जाणे. मास्तर बघत नव्हते म्हणून असेल, अंड्याची बोच असेल. पहिलाच चेंडू हातात आला आणि त्याने तो कोणाला दिला नाही. खांबांकडे बघितलं आणि मारला. हुकला. दुसरा मारला, हुकला. पोरगा थांबेना. सात वेळा मारला आणि सातही वेळा हुकला, त्यातला एक तर माझ्या बादलीला लागला. प्रत्येक वेळी स्वतः पळत जाऊन चेंडू आणायचा आणि परत त्याच जागी उभा राहायचा. मी बादलीवर बसून देवाचं नाव घेत होते. यानने तोवर चार गोल मारले होते. सात चुका आणि गोल एकही नाही, असं पान मास्तरांपुढे गेलं तर याचं काय होणार ते मला स्पष्ट दिसत होतं. क्लबातही नापास झाला तर हा पोरगा सोमवारी विमानाचं तिकीट बघेल.

म्हणून मी काही लिहिलं नाही. यानच्या चुका लिहिल्या, टोबियासच्या लिहिल्या आणि निनादचं पान कोरं ठेवलं. बाबांनी शिकवलेली विद्या मी त्या दिवशी पहिल्यांदा बाटवली, आणि घरी येताना ट्रॅममध्ये मला त्याबद्दल काही वाटलंसुद्धा नाही. उलट बरंच वाटत होतं. आपलं पोर आहे, आपण नाही झाकायचं तर कोणी झाकायचं?

मंगळवारी जिन्यात, पुसण्याच्या तक्त्याशेजारी, मास्तरांच्या अक्षरात यादी लागली. फॉरवर्ड: यान, टोबियास. निनादचं नाव सगळ्यात खाली, राखीव खेळाडूंत.

मला पहिल्यांदा वाटलं, पक्षपात. मी तावातावाने खाली जाणारच होते, तेवढ्यात निनाद आला. शांत होता, तेच वाईट होतं. म्हणाला की नाव घालत नाही, महिनाअखेरीला परत जातो. मी म्हटलं, अरे खेळाच्या यादीचा आणि परीक्षेचा काय संबंध? तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"वहिनी, मी रविवारी सात वेळा मारला," तो म्हणाला. "एकही लागला नाही, पण मारला. मला वाटलं होतं, वहीत बघून कोच काहीतरी बोलतील. त्यांनी वाचलं आणि मला सगळ्यात खाली टाकलं. म्हणजे नाही मारला तरी तेच आणि मारला तरी तेच."

 आयुष्यात मी माणसांना पुष्कळ दुखावलं आहे, बोलून, भांडून. पण माया करून एखाद्याचं असं वाटोळं करायची माझी ती पहिलीच वेळ. त्याला खरं सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. मी त्याला बस म्हटलं आणि वही मागायला खाली गेले.

मास्तर दिवाणखान्यात जमिनीवर उताणे पडले होते, पोटऱ्या खुर्चीवर. पाठीसाठी इथले डॉक्टर असं झोपायला सांगतात. हाफ पँट होतीच. माणूस खाली आणि आपण उभे, अशा अवस्थेत गुन्हा कबूल करणं किती अवघड असतं ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. शेवटी मीही जमिनीवर बसले आणि सांगून टाकलं, की निनादने सात वेळा मारला आणि सातही हुकले, पान मीच कोरं ठेवलं.

त्यांनी छताकडे बघतच विचारलं, का? मी म्हटलं, तुम्ही चुका मोजता म्हणून. त्यावर त्यांनी मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या घरात सहा महिने राहून स्वयंपाकघर कुठे आहे ते विचारलं.

"जो हुकतो त्याला मी शिकवू शकतो," ते म्हणाले. "डावीकडे गेला, पाय बदल. कमी पडला, दोन पावलं पुढे ये. ज्याचं पान कोरं, त्याला काय शिकवू? कोरं पान बघून मी म्हटलं, हा अजून बेल न वाजवता दाराबाहेर उभा आहे. त्याने सात वेळा बेल वाजवली, आणि ती तू पुसलीस."

मी रडले. त्यांनी रडू दिलं, मग म्हणाले, पेन्सिल घे. स्कोअर लिहिणाऱ्या माणसाच्या डोक्यात सामना महिनाभर ताजा असतो. मी सातही चेंडू क्रमाने लिहिले. पहिला उजवीकडून बाहेर, दुसरा कमी पडला, तिसरा बाजूच्या खांबांतून, असं करत. प्रत्येकाला ते तिसऱ्या रकान्यावर थांबायचे. आणि मग काय केलं त्याने? मी म्हणायचे, चेंडू आणायला गेला. आणि मग? परत तिथेच उभा राहिला. सातही वेळा तेच उत्तर आलं. सातव्याला मास्तरांनी पाय खुर्चीवरून काढले, कण्हत, बायकोच्या नावाने पुटपुटत उठले आणि जिन्यातली यादी काढून आणली. टोबियासच्या नावाखाली निनादचं नाव घातलं, दोनाचे तीन फॉरवर्ड केले. नियम त्यांचेच होते. मग वही माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, हे मी सांगणार नाही, हे तू जाऊन सांग.

निनाद अजून आमच्या स्वयंपाकघरातच होता. मी वही त्याच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. तो रागावेल, ओरडेल असं वाटलं होतं. त्याने पान वाचलं, पुन्हा वाचलं.

"पाचवा उजव्या पायाने नव्हता मारला," तो म्हणाला. "डाव्या."

मी खोडून डाव्या लिहिलं. मग तो म्हणाला, त्याची आई शेजाऱ्यांना प्रगतिपुस्तक दाखवायची तेव्हा गणिताच्या आकड्यावर अंगठा ठेवायची. नेहमी. तो अंगठा त्याला अजून आठवतो, आकडा आठवत नाही. हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता आणि मला ते बरं वाटलं, कारण माझंही तोंड बघण्यासारखं नव्हतं. मी त्याला सॉरी म्हणाले. वहिनीने दिराला म्हणायचा तो शब्द नाही, पण म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दार वाजवलं. म्हणाला, विद्यापीठात चला माझ्याबरोबर, पेन्सिल घेऊन. इथे नापास झालेल्या मुलाला आपली तपासलेली उत्तरपत्रिका जाऊन बघता येते. आइनझिश्ट म्हणतात त्याला. दोन वेळा नापास होऊन हा पठ्ठ्या एकदाही गेला नव्हता. लाजेने. आता जायचं तर उत्तरपत्रिका बघायची मुदत उलटून गेलेली. ऑफिसमधल्या बाईंनी नियमावर बोट ठेवून नाही म्हटलं. मला वाटलं, झालं, आता हा निमूट मागे फिरणार. निनाद काउंटरसमोरून हलला नाही. लाल झाला, अडखळला, पण त्याने आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये पुन्हा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारलं. बाईंनी उसासा टाकला, चष्मा लावला आणि कपाट उघडलं.

आम्ही एका छोट्या खोलीत तासभर बसलो. तो एकेक चूक सांगत होता आणि मी लिहीत होते, कुठे गेला, कशाने गेला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एक गोष्ट गणिताच्या बाईला न सांगताही दिसली. दोन्ही उत्तरपत्रिकांत शेवटचा, सगळ्यात मोठा प्रश्न त्याने सोडवायलाच घेतला नव्हता. खात्री नव्हती म्हणून. त्यातली चार ओळींची सुरुवात जरी केली असती तरी दोन्ही वेळा पास झाला असता. त्याने दोन्ही कोरी पानं शेजारी शेजारी ठेवली. परत जाताना त्याने परीक्षेला नाव घातलं. मुदतीचा शेवटचा दिवस शुक्रवार होता, आम्ही बुधवारी घातलं, म्हणजे मिरजेच्या मानाने फारच लवकर.

पुढचे पाच-सहा आठवडे सकाळी अभ्यास आणि रविवारी पार्क. मास्तरांनी परीक्षेचा विषय एकदाही काढला नाही. फक्त एकदा जिन्यात त्याला अडवून विचारलं, या आठवड्यात किती हुकले? निनादला वाटलं चेंडूंबद्दल विचारतात. मास्तर म्हणाले, गणितं. निनादने आकडा सांगितला. मास्तर म्हणाले, कमी आहेत, अजून सोडव. पहिल्या सामन्यात तो चार वेळा हुकला आणि एकदा लागला. लागला तेव्हा आम्ही सगळे नाचलो. मास्तर बादलीवरून उठलेसुद्धा नाहीत, मला ओरडून म्हणाले, आधी चार लिहिलेस ना?

निकाल लागला त्या दिवशी मी शिरा केला होता. देवावर भरवसा म्हणून नाही, वाट बघत बसवेना म्हणून. मास्तर आणि त्यांची बायको वर आले होते. निनाद संध्याकाळी आला, बूट दारात काढले, आणि म्हणाला, पास, सगळ्यात खालच्या गुणांनी पास. शेवटचा प्रश्न अर्धाच सुटला होता, पण घेतला होता. मी त्याला मिठी मारली. माझ्या नवऱ्याने त्याच्या पाठीत अशी थाप मारली की तो खोकायला लागला. मास्तरांनी नुसती मान हलवली आणि शिऱ्याची बशी पुढे ओढली.

मी म्हटलं, आता आधी मिरजेला फोन कर. फोन कार्ड काढून दिलं, त्याचा तो लांबलचक नंबर वाचून दाखवला. वडिलांनी फोन उचलला. निनाद खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, आता एकदम आनंदाची बातमी येईल.

"बाबा, एक सांगायचंय," तो म्हणाला. "मध्ये बोलू नका, शेवटपर्यंत ऐका. मागच्या वर्षी जुलैमध्ये मी एका विषयात नापास झालो."

पलीकडून काहीतरी मोठ्याने ऐकू आलं. निनादने फोन घट्ट धरला आणि बोलत राहिला. का नापास झालो, काय सोडलं, तुम्हाला का सांगितलं नाही.  मास्तरांना मराठीतलं एक अक्षर कळत नव्हतं. तरी त्यांनी चमचा खाली ठेवला होता. ते माझ्याकडे वाकले आणि हळूच विचारलं, पास झाल्याचं सांगितलं का त्याने?

मी म्हटलं, नाही अजून. दुसऱ्यांदा नापास झाला तिथपर्यंत आलाय.